कलाटणी आधीच ओळखू आली, तर ई.सी. कॉमिक्समध्ये उरते काय?

रातपाळी यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ या अमेरिकी भयकथा-कॉमिकच्या पुनर्मुद्रणाचा पहिला खंड मी गेल्या महिन्यात विकत घेतला. न्यूयॉर्कच्या ई.सी. या लहानशा प्रकाशनसंस्थेने १९५० ते १९५५ या जेमतेम पाच वर्षांत काढलेल्या या भयकथांविषयी इतके ऐकले होते, की खंड हाती पडल्यावर मला दुसरे काही वाचवेना. सहा अंक आणि प्रत्येक अंकात चार, अशा चोवीस कथा मी तीन रात्रींत संपवल्या. पहिल्या रात्री मी हरखून गेलो होतो. दुसऱ्या रात्री एक गोष्ट खटकू लागली आणि तिसऱ्या रात्री तिने वाचनाचा आनंदच हिरावून घेतला, कारण दुसरे-तिसरे पान उलटेपर्यंत कथेचा शेवट मला ओळखू येऊ लागला होता. नवरा बायकोचा किंवा एक भागीदार दुसऱ्याचा काटा काढतो, प्रेत पुरले जाते, काही दिवस सुखात जातात आणि मग ज्या रीतीने त्याने मारले त्याच रीतीने त्याला मरण येते, तेही पुष्कळदा त्या मेलेल्याच्याच कुजलेल्या हातून.

मी रत्नाकर मतकरी आणि नारायण धारप यांच्या कथांवर वाढलेला वाचक आहे. मतकरींच्या गूढकथेतली कलाटणी मला पाठ असते, तरीही सुट्टीत ती कथा पुन्हा काढून वाचावीशी वाटते आणि शेवटाकडे जाताना पुन्हा अंगावर काटा येतो. ई.सी.च्या कथा वाचताना माझ्या बाबतीत असे घडले नाही आणि त्याचे कारण मला नीट समजून घ्यायचे आहे. दोष माझ्या वाचण्याच्या पद्धतीत आहे, की सहा-सात पानांच्या चित्रकथेला एवढाच पल्ला असतो? चित्रांतून कलाटणी देणे हे गद्यापेक्षा मुळातच वेगळे काम आहे का? या कथा पुन्हा वाचायच्या ठरवल्या, तर कुठून सुरुवात करावी, हेही जाणकारांनी सांगावे. रहस्यभेदाला माझी हरकत नाही. ज्यांना हे सारे अजून वाचायचे आहे, त्यांनी मात्र पुढचे प्रतिसाद कथा वाचून झाल्यावरच उघडावेत, ही विनंती.

शाईदौत यांचा प्रतिसाद

मी मासिकांसाठी आणि पाठ्यपुस्तकांसाठी चित्रे काढते, त्यामुळे माझे उत्तर कथेपेक्षा पानाच्या बाजूने येईल.

आधी वाचण्याच्या वेगाविषयी. ई.सी.ची भयकथांची मासिके तीन होती: ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’, ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’ आणि ‘द हाँट ऑफ फिअर’. ती तिन्ही द्वैमासिके होती. प्रत्येकी दहा सेंट देऊन तिन्ही विकत घेणाऱ्या मुलालाही महिन्याकाठी सरासरी सहाच भयकथा मिळत असत, म्हणजे तुम्ही तीन रात्रींत वाचलेला ऐवज त्याला चार महिने पुरला असता. दोन अंकांच्या मधल्या काळात मागच्या कथेचा साचा विसरला जाई आणि चित्र तेवढे मनात राहत असे. खंडात या कथा खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात, म्हणून त्यांच्यातले साम्य आधी दिसते. शिवाय पहिला खंड १९५० आणि १९५१च्या आरंभीचा आहे. त्या वेळी ई.सी.चे प्रकाशक विल्यम गेन्स आणि त्यांचे संपादक अल फेल्डस्टीन हे दोघेही नेमके काय करायचे आहे याचा शोधच घेत होते. मालिकेचे नावसुद्धा पहिल्या तीन अंकांवर ‘द क्रिप्ट ऑफ टेरर’ असे होते. १९५२ ते १९५४ या काळातले अंक वाचल्याशिवाय तुम्ही निर्णय देऊ नये, असे मला वाटते.

आता पानाविषयी. गद्यलेखकाला शेवटचे वाक्य शेवटपर्यंत लपवता येते. चित्रकथेत पान उघडताक्षणी सगळ्या चौकटी एकदम नजरेस पडतात आणि वाचकाची इच्छा नसली तरी डोळा शेवटच्या चौकटीकडे घसरतो. ही अडचण या लोकांनी कशी हाताळली ते पाहण्यासारखे आहे, कारण त्यात त्यांच्या कामाच्या पद्धतीचाही भाग होता. गेन्स रात्र रात्र वाचत बसत आणि सकाळी कथाबीजे घेऊन येत. फेल्डस्टीन त्यातले एखादे निवडून जवळजवळ रोज एक कथा लिहीत आणि तीही वेगळ्या कागदावर न लिहिता थेट चित्राच्या जाड कागदावर, चौकटी आखून, लिहीत असत. त्यानंतर लेरॉय या नावाच्या साच्याने, अभियंत्यांच्या नकाशांवर असतात तशा यांत्रिक वळणाने, अक्षरे काढली जात. चित्रकाराच्या हाती पान येई तेव्हा निवेदन आणि संवाद शाईने आधीच कोरलेले असत आणि त्याने उरलेल्या जागेत चित्र काढायचे असे.

चित्रकार म्हणून मला ही पद्धत फार जाचक वाटते, कारण कित्येक चौकटींत अर्ध्याहून अधिक जागा अक्षरांनी खाल्लेली असते. पण कलाटणीच्या दृष्टीने तिचा एक लाभ झाला, तो असा की यातल्या चांगल्या कथांमध्ये शेवटचे चित्र नुसते पाहून काहीच कळत नाही. ते कळण्यासाठी निवेदनाच्या पट्ट्या एकामागून एक वाचतच यावे लागते. चुकून आधी दिसलेली शेवटची चौकट त्यामुळे फारसे काही फोडत नाही.

उदाहरण म्हणून जॉनी क्रेग यांची ‘अँड ऑल थ्रू द हाउस’ घ्या. ती ‘व्हॉल्ट ऑफ हॉरर’च्या ३५व्या अंकात, १९५४च्या आरंभी आली. क्रेग आपल्या कथा स्वतः लिहीत, हळू काम करत आणि त्यांची रेषा इतकी स्वच्छ होती की रक्ताचा थेंब न दाखवता ते घर भीतीने भरून टाकत असत. नाताळच्या आदल्या रात्री एक बाई नवऱ्याचा खून करते. त्याच रात्री वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला एक खुनी सांताक्लॉजच्या वेशात तिच्या घराभोवती फिरतो आहे. तिला पोलिसांना बोलावता येत नाही, कारण घरात प्रेत पडले आहे. ती दारे-खिडक्या लावत सुटते. शेवटी तिची लहान मुलगी आनंदाने सांगते, की सांताक्लॉज आला होता आणि तिने त्याला आत घेतले आहे. या शेवटाला लागणारी प्रत्येक वस्तू क्रेग यांनी आपल्या डोळ्यांसमोर मांडून ठेवलेली असते: सण, वेश आणि वरच्या खोलीत वाट पाहणारे मूल. आपण त्या बाईबरोबर कड्याकुलुपे मोजत राहतो आणि मुलीला विसरतो. शेवट ठाऊक असताना मी ही कथा अनेकदा वाचली आहे. आता मी कुलुपांऐवजी मुलीकडे पाहत राहते आणि तेव्हा ती पहिल्यापेक्षा अधिक असह्य होते.

तिठा यांचा प्रतिसाद

शाईदौत यांचे विवेचन मला पटले. परंतु ‘करावे तसे भरावे’ हा साचा म्हणजे दोषच, हे गृहीत मला मान्य नाही. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला आख्यानाचा शेवट ठाऊक असतोच आणि त्यामुळे त्याचे लक्ष ‘काय होणार’ यावरून ‘कसे सांगितले जाणार’ याकडे वळते. ई.सी.च्या भयकथांमध्ये क्रिप्ट-कीपर, व्हॉल्ट-कीपर आणि ओल्ड विच हे तीन सूत्रधार सुरुवातीला आणि शेवटी वाचकाशी बोलतात. ही युक्ती गेन्स आणि फेल्डस्टीन यांनी लहानपणी ऐकलेल्या रेडिओवरच्या भयनाटिकांमधून उचलली होती. असा सूत्रधार आला, की ही गोष्ट कोणीतरी सांगते आहे आणि दुष्टाला त्यात सुटका नाही, हा करार पहिल्याच चौकटीत होऊन जातो.

ग्रॅहम इंगल्स यांनी काढलेली ‘पोएटिक जस्टिस’ (‘हाँट ऑफ फिअर’, अंक १२, १९५२) या दृष्टीने वाचावी. कचरा गोळा करणाऱ्या एका गरीब म्हाताऱ्याला श्रीमंत शेजारी व्हॅलेंटाइन दिनी क्रूर कविता पाठवून आत्महत्येकडे ढकलतात. पुढच्या वर्षी त्याच दिवशी तो थडग्यातून परततो आणि त्यांना कवितेनेच उत्तर देतो. तो परतणार हे आपण जाणतोच, पण कवितेतला शेवटचा शब्द तो कसा पुरा करील हे आपल्या कल्पनेत येत नाही. इंगल्स यांच्या ओघळत्या, ओलसर रेषेत तो म्हातारा जिवंतपणी जितका करुण दिसतो, तितकाच मेल्यावरही दिसतो, आणि ते मला त्या कथेतले सर्वांत मोठे बळ वाटते.

दुष्टाला शिक्षा होतेच, या नियमाला अपवादही आहेत. ई.सी.च्याच ‘शॉक सस्पेनस्टोरीज’ या मासिकाच्या १४व्या अंकातल्या ‘द ऑर्फन’ या कथेतली मुलगी आपल्या बापाला गोळी घालते आणि आई व तिचा प्रियकर यांच्यावर आळ ढकलून दोघांनाही विजेच्या खुर्चीपर्यंत पोहोचवते. शेवटी ती आपल्या लाडक्या मावशीच्या घरी सुखाने राहते. करार मोडला की धक्का किती दुणावतो, हे या कथेवरून कळते. पण तो मोडण्यासाठी आधी शंभर वेळा पाळलेला असावा लागतो, हेही तितकेच खरे आहे.

हडसनकाठ यांचा प्रतिसाद

तिठा यांनी ‘शॉक सस्पेनस्टोरीज’च्या १४व्या अंकाचा उल्लेख केला, म्हणून लिहावेसे वाटले. ज्याला मूळ प्रश्नाचे उत्तर हवे आहे, त्याने याच एका अंकाचा इतिहास पाहावा, असे माझे मत आहे. मी गेली काही वर्षे न्यूयॉर्कजवळ राहतो आणि कामासाठी मॅनहॅटनच्या दक्षिण भागात जातो. २२५ लाफायेट स्ट्रीट या इमारतीत ई.सी.चे कार्यालय होते आणि तिथून फोली स्क्वेअरचे संघराज्य न्यायालय पायी वीस मिनिटांच्या आत येते. एवढेच अंतर चालून गेन्स २१ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकी सिनेटच्या बालगुन्हेगारीविषयक उपसमितीपुढे साक्षीला गेले होते. कोणी समन्स काढले नव्हते, ते आपण होऊन गेले होते.

त्या दिवसाची आठवण बहुतेक ठिकाणी एकाच प्रसंगाने सांगितली जाते. सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांनी ‘क्राइम सस्पेनस्टोरीज’च्या २२व्या अंकाचे मुखपृष्ठ पुढे केले. त्यावर एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात स्त्रीचे तोडलेले डोके धरलेला माणूस आहे. हे सुरुचीला धरून आहे का, असे त्यांनी विचारले. भयकथांच्या कॉमिकचे मुखपृष्ठ म्हणून आहे, असे उत्तर गेन्स यांनी दिले आणि ते आयुष्यभर त्यांना चिकटले. मला मात्र त्याच दिवशीचा दुसरा प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. गेन्स यांच्याआधी डॉ. फ्रेडरिक वर्दम या मानसोपचारतज्ज्ञांची साक्ष झाली होती. कॉमिक्स मुलांना वंशद्वेष शिकवतात, असे सांगताना त्यांनी एका कथेचा दाखला दिला आणि तिच्यात मेक्सिकन लोकांसाठीची एक शिवी किती वेळा आली आहे, ते मोजून सांगितले. ती कथा १४व्या अंकातली ‘द व्हिपिंग’ ही होती. वॉली वुड यांनी काढलेल्या या कथेत वस्तीत आलेल्या एका मेक्सिकन कुटुंबाचा द्वेष करणारा बाप बुरखे घातलेल्या माणसांचा जमाव गोळा करतो, आपल्या मुलीच्या प्रियकराला अंधारात पकडल्याच्या समजुतीने त्या व्यक्तीला चाबकाने फोडून काढतो आणि प्राण गेल्यावर चेहरा पाहतो, तर ती त्याचीच मुलगी असते. ती शिवी त्या बापाच्या तोंडी आहे. आपल्या साक्षीत गेन्स यांनी सांगितले, की वंशद्वेषाचे आणि जमावाच्या हिंसेचे दुष्परिणाम दाखवणाऱ्या कथांच्या मालिकेतली ही एक कथा आहे.

वर्दम दुष्ट किंवा मूर्ख माणूस नव्हते. गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे ती याच कारणाने. हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांसाठी अल्प मोबदल्यात मानसोपचार देणारे चिकित्सालय त्यांनी १९४६ साली उघडले होते. शाळांमधल्या वर्णभेदाचा मुलांच्या मनावर होणारा परिणाम त्यांनी डेलावेअरच्या खटल्यात न्यायालयाला समजावून सांगितला होता. तो खटला पुढे ज्या एकत्रित प्रकरणात सामील झाला, त्याचा, शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ऐतिहासिक निकाल या सुनावणीनंतर महिनाही उलटायच्या आत, १७ मे १९५४ रोजी लागला. असा माणूस वंशद्वेषाच्या विरोधात लिहिलेली कथा हातात घेतो आणि ती द्वेष शिकवते असे म्हणतो, याचा अर्थ मी असा लावतो, की त्यांनी चौकटी पाहिल्या आणि शब्द मोजले, पण कथा वाचली नाही. कलाटणी असलेली कथा अर्ध्यावर थांबवली, तर ती आपल्या हेतूच्या नेमकी उलट दिसते. (वर्दम यांची कागदपत्रे पुढे अभ्यासकांना खुली झाली, तेव्हा कॅरल टिली या संशोधक प्राध्यापिकेने ती तपासून २०१२ साली दाखवून दिले, की कॉमिक्सच्या विरोधात लिहिलेल्या ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ या आपल्या पुस्तकातली मुलांची निवेदनेही त्यांनी ठिकठिकाणी बदलली आणि एकमेकांत मिसळली होती.)

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शेवट ओळखू येणाऱ्या आणि न येणाऱ्या कथांमधला भेद माझ्या मते असा आहे. पहिल्या प्रकारच्या कथांमध्ये कलाटणी पात्रावर येते. ‘फाउल प्ले’ हे त्याचे टोकाचे उदाहरण आहे: विषारी खिळ्यांच्या बुटाने प्रतिस्पर्ध्याला मारणाऱ्या बेसबॉल खेळाडूचे तुकडे करून मेलेल्या प्रतिस्पर्ध्याचे सवंगडी मध्यरात्री त्या तुकड्यांनीच सामना खेळतात. जॅक डेव्हिस यांच्या त्या चौकटी पाहताक्षणी कळतात, त्यांना कथेची गरज लागत नाही. म्हणूनच त्या वर्दम यांच्या पुस्तकात सहज छापता आल्या आणि आजही ई.सी.च्या बदनामीसाठी त्याच दाखवल्या जातात. दुसऱ्या प्रकारात कलाटणी वाचकावर येते. त्याच डेव्हिस यांनी काढलेल्या ‘द पेट्रिअट्स’ (‘शॉक सस्पेनस्टोरीज’, अंक २, १९५२) या कथेत कोरियाहून परतलेल्या सैनिकांचे संचलन चालले आहे आणि गर्दीतला एक माणूस ध्वज जवळून जात असताना डोक्यावरची टोपी काढत नाही. लोक त्याला देशद्रोही ठरवून मरेस्तोवर मारतात. तो युद्धात आंधळा झालेला सैनिक होता, हे त्याची बायको आल्यावर कळते. मधल्या पानांवर त्या गर्दीबरोबर आपल्याही मनात त्या माणसाविषयी जो प्रश्न उठलेला असतो, त्याचा हिशेब शेवटच्या चौकटीत आपल्याकडे मागितला जातो. अशी कथा दुसऱ्यांदा वाचताना धक्का ओसरतो. त्या जागी आलेली लाज मात्र जात नाही.

या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध कथा ‘जजमेंट डे’ ही आहे. ती १९५३ साली ‘वीअर्ड फँटसी’च्या १८व्या अंकात आली आणि जो ऑर्लँडो यांनी ती काढली. पृथ्वीचा प्रतिनिधी यंत्रमानवांच्या एका ग्रहावर पाहणीला जातो. तिथले नारिंगी आणि निळे यंत्रमानव आतून अगदी सारखे आहेत, तरी निळ्यांना वेगळ्या वस्तीत, वेगळ्या बसमध्ये आणि हलक्या कामांत ठेवले आहे. तुमचा ग्रह आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात यायला अजून पात्र नाही, असे सांगून तो परत निघतो. यानात बसल्यावर तो शिरस्त्राण काढतो आणि तो कृष्णवर्णीय माणूस असल्याचे आपल्याला प्रथमच दिसते. शाईदौत यांनी सांगितलेली गोष्ट इथे तंतोतंत लागू पडते, कारण ही चौकट कोणी आधी पाहिली तर त्याला यानात बसलेला एक माणूस दिसेल, त्यापलीकडे काही नाही. सहा पाने आपण शिरस्त्राणाच्या आत कोणाचा चेहरा धरून चाललो होतो, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर १९५४मध्ये प्रकाशकांच्या संघटनेने कॉमिक्स कोड नावाची आचारसंहिता स्वीकारली. शीर्षकात ‘हॉरर’ आणि ‘टेरर’ हे शब्द वापरण्यास तिने मनाई केली, चालती प्रेते आणि रक्तपिपासू पिशाच्चे वर्ज्य ठरवली आणि गेन्स यांनी आपली भयकथांची आणि गुन्हेकथांची मासिके बंद केली. कोडच्या काळात एका अंकासाठी एक कथा नाकारली गेली, तेव्हा त्यांनी तिच्या जागी ‘जजमेंट डे’ पुन्हा छापायला घेतली. कोडचे प्रशासक चार्ल्स मर्फी यांनी त्या कृष्णवर्णीय माणसाला आक्षेप घेतला आणि तो टिकत नाही असे दिसल्यावर निदान त्याच्या त्वचेवरचे घामाचे थेंब तरी काढून टाकावेत, असा आग्रह धरला. गेन्स यांनी ते मानले नाही आणि कथा होती तशी १९५६च्या आरंभी ‘इन्क्रेडिबल सायन्स फिक्शन’च्या ३३व्या अंकात छापली. ई.सी.चे ते शेवटचे कॉमिक ठरले. त्यानंतर त्यांच्याकडे ‘मॅड’ हे विनोदी नियतकालिक उरले आणि तेही तोवर मासिकाच्या आकारात गेले असल्यामुळे कोडच्या कक्षेबाहेर होते.

तेव्हा रातपाळी यांना माझा सल्ला असा आहे, की भयकथांची तिन्ही मासिके काही काळ बाजूला ठेवावीत आणि ‘शॉक सस्पेनस्टोरीज’ घ्यावे. एका बैठकीत एकच कथा वाचावी.

रातपाळी

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, याबद्दल आभारी आहे. तीन आठवड्यांनंतर पुन्हा लिहितो आहे, कारण एका बैठकीत एकच कथा हा नियम मी पाळला. ‘द व्हिपिंग’ मी हडसनकाठ यांच्या प्रतिसादामुळे शेवट ठाऊक असतानाच वाचली. त्यामुळे मला मधल्या पानांवरचा बापच अधिक स्पष्ट दिसला. शेजाऱ्यांना चिथावण्यासाठी तो खोट्या गोष्टी रचतो, तेव्हा त्याचा चेहरा एखाद्या राक्षसाचा न वाटता कोणत्याही गल्लीत भेटणाऱ्या चिडखोर गृहस्थाचा वाटतो. ज्या भेदाविषयी हडसनकाठ यांनी लिहिले, तो मला तिथे पटला. मतकरींची आठवण ज्या कारणाने येत होती, तेही बहुधा हेच असावे, कारण त्यांच्याही कथांत भूत बाहेरून क्वचितच येते.

नंतर एका मित्राने ‘मास्टर रेस’ ही आठ पानांची कथा वाचायला दिली. तिच्याविषयी इथे कोणी लिहिलेले नाही, म्हणून विचारतो. कार्ल राइसमन नावाचा माणूस न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसलेला असतो. समोर एक काळ्या कोटातला माणूस येऊन बसतो आणि त्याला पाहताच राइसमनला बेल्सनची छळछावणी आठवते. निवेदन त्याला ‘तू’ म्हणून संबोधते: तू विसरू शकत नाहीस, तू पुन्हा ते सगळे पाहतोस. छावणीतून वाचलेल्या माणसाचीच ही भीती आहे, असे मी शेवटच्या पानापर्यंत धरून चाललो होतो आणि तो छावणीचा प्रमुख होता हे कळल्यावर मला पुस्तक खाली ठेवावे लागले. मागे जाऊन पाहिले, तर निवेदनात एकही वाक्य खोटे नव्हते. हे पान इतर ई.सी. पानांसारखे दिसत नाही, एवढे मला जाणवले. त्याचे कारण शाईदौत यांनी सांगावे.

शाईदौत

ती बर्नार्ड क्रिगस्टीन यांची कथा आहे. गेन्स आणि फेल्डस्टीन यांनी लिहिलेली ही कथा मार्च-एप्रिल १९५५च्या ‘इम्पॅक्ट’ मासिकाच्या पहिल्या अंकात आली. तिची पाने वेगळी दिसण्याचे कारण अगदी हाताने करण्याच्या कामात दडलेले आहे. क्रिगस्टीन यांच्याकडे कथा आली, तेव्हा ती सहा पानांची होती आणि मी वर सांगितले त्याप्रमाणे अक्षरे शाईने काढून झालेली होती. या मजकुराला बारा पाने हवीत, असे त्यांनी सांगितले. त्यांना आठ मिळाली. मग त्यांनी अक्षरे असलेले कागद कापले, तुकडे नव्या पानांवर हवे तसे चिकटवले आणि फेल्डस्टीन यांच्या एकेका रुंद चौकटीच्या जागी तीन-तीन, चार-चार अरुंद चौकटी केल्या. त्यांतल्या कित्येक चौकटींना शब्दच नाहीत. राइसमन फलाटावरून घसरतो आणि गाडी येते, तो भाग पुन्हा पाहा. पडणारा माणूस क्षणाक्षणाने अलग झाला आहे आणि धावत्या गाडीच्या खिडक्यांतून प्रवाशांचे चेहरे एकापुढे एक इतक्या वेळा काढले आहेत, की वेग डोळ्यांना जाणवतो.

निवेदनातल्या ‘तू’विषयी तुम्ही लिहिलेले वाचून मला आनंद झाला. फेल्डस्टीन ही द्वितीय पुरुषातली रीत अनेक कथांत वापरत आणि पुष्कळदा ती केवळ सवय वाटते. इथे मात्र सगळी कथा तिच्यावर उभी आहे. ‘मी’ म्हटले असते तर राइसमनला आपण कोण हे सांगावे लागले असते, आणि ‘तो’ म्हटले असते तर निवेदकाने आपल्यापासून काही लपवले असे झाले असते. ‘तू’ म्हटल्यावर जो बोलतो त्याला आणि जो ऐकतो त्याला सगळे ठाऊकच असते. ठाऊक नसते ते फक्त आपल्याला.

शेवटची चौकट मी अजूनही दर वेळी वेगळी वाचते. काळ्या कोटातला माणूस फलाटावर विचारणाऱ्यांना सांगतो, की मेलेला मनुष्य त्याला पूर्ण अनोळखी होता, आणि निघून जातो. तो खरे बोलतो आहे की नाही, हे क्रिगस्टीन यांनी त्याच्या चेहऱ्यावर काढलेले नाही. मिळाल्यास या कथेची काळ्या-पांढऱ्या रंगातली मोठ्या आकाराची आवृत्ती पाहा. रंग नसल्यामुळे त्या माणसाच्या कोटाचा काळा भाग आणि बोगद्याचा अंधार एकाच शाईचे आहेत, हे तिथे नीट दिसते.